फौजींच्या घरांना संमेलनातला एक तास द्या

प्रति,
कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी, सांबरा, कारदगा, माचीगड आणि सीमाभागात जिथं जिथं मराठी साहित्य संमेलनं भरतात तिथली आयोजक मंडळी,

सप्रेम नमस्कार.

हंगाम जवळ आला की तुमच्या बैठका सुरू होतात. अध्यक्ष कोण, उद्‌घाटक कोण, ग्रंथदिंडी कुठल्या गल्लीतून न्यायची, जेवण कोणाकडं. विषयपत्रिका ठरायच्या आत पोचावं म्हणून हे पत्र आताच लिहिते. मागणी एकच. संमेलनातला एक तास, तोही सकाळचा, लोक जागेवर असतानाचा, युद्धाचे दिवस पलटणीत किंवा घरात काढलेल्या साध्या माणसांना द्या. त्यांनी जे पाहिलं ते त्यांच्याच तोंडून येऊ दे. त्यावर भाषण नको, परिसंवाद नको, आणि 'साहित्यातील युद्धचित्रण' असा विषय घेऊन येणारे लांबचे प्राध्यापकही नकोत.

तुम्ही म्हणाल, माजी सैनिकांचा सत्कार तर आम्ही करतोच. करता, मी पाहिलाय. पाच-सहा जण ओळीनं उभे, टोप्या सरळ केलेल्या. शाल, नारळ, फोटो. मग निवेदक म्हणतो, सुभेदारसाहेबांनी दोन शब्द बोलावेत. सुभेदारसाहेब माइकपाशी येतात, 'जय हिंद' म्हणतात आणि जाऊन बसतात. ज्या माणसानं निम्मं आयुष्य देशाच्या चारी टोकांना काढलं त्याच्याकडं आपण दोनच शब्द मागितले, त्यानं दोनच दिले. त्यांची बायको मंडपाच्या कडेला बायकांत बसलेली असते. तिला तर कोणी स्टेजवर बोलवतही नाही.

मी फौजीची बायको आहे, आणि खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळांत शिकवून निवृत्त झाले आहे. न बोलणाऱ्या माणसाबरोबर संसार केला आणि न बोलणाऱ्या पोरांना बोलतं करायचा पगार घेतला. त्यामुळं या विषयावर तुम्हाला चार गोष्टी सांगायचा मला हक्क आहे असं मी धरून चालते.

मराठा लाइट इन्फन्ट्रीचं सेंटर बेळगावात १९२२ पासून आहे. शंभर वर्षं झाली, कॅम्पातून रंगरूट घडून बाहेर पडतायत. पण त्याच्या आधीच, पहिल्या महायुद्धात, मराठ्यांच्या पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, गेल्या होत्या. डिसेंबर १९१५ मध्ये कुत-अल-अमारा या गावात जी फौज वेढ्यात सापडली तिच्यात १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. शिधा कमी करत करत शेवटी घोडी मारून खायची पाळी आली. हिंदी शिपायांतल्या पुष्कळांनी ते मांस खायला नकार दिला आणि ते स्कर्व्ही या रोगानं खंगले. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली, सुमारे १३ हजार माणसं कैदेत गेली, आणि त्यांतल्या साध्या शिपायांना उन्हातून पायी हाकलत नेलं. वाटेत मेलेल्यांना गणती नव्हती.

त्या मोहिमेतल्या मृतांचं स्मारक बसऱ्याला आहे. ४० हजारांहून जास्त माणसांसाठी ते बांधलं. पण हिंदी फौजेतल्या साध्या शिपायांची नावं त्याच्या भिंतीवर कोरलीच नाहीत. अधिकाऱ्यांची नावं आहेत, शिपायांचा पलटणवार नुसता आकडा. ब्रिटिश राष्ट्रकुलाच्या युद्धस्मारक आयोगानं २०२१ साली अहवाल काढून मान्य केलं की अशी असमान वागणूक निदान ४५ हजार मृतांना मिळाली होती. आपल्याकडंही त्या काळच्या संगमरवरी पाट्या कितीतरी गावांत भिंतीत बसवलेल्या आहेत: १९१४ ते १९१९ च्या युद्धात या गावातून इतके गेले, त्यांतले इतके मेले. इंग्रजीत. नाव एकाचंही नाही.

यावर इंग्रजांना चार शिव्या घालणं सोपं आहे. पण १७ जानेवारीला आपण १९५६ च्या सीमालढ्यातल्या हुतात्म्यांची नावं घेतो, एकेक नाव, दर वर्षी न चुकता. ज्या भागाला ही शिस्त ठाऊक आहे त्या भागातून शंभर वर्षं पोरं फौजेत जातायत, आणि त्यांच्या घरात काय घडलं हे आपण कधी बसून विचारलेलं नाही. परत आलेल्याला 'किती दिवस सुट्टी?' आणि न आलेल्याच्या घराला 'धीर धरा'. आपली विचारपूस एवढ्यात संपते.

मराठीला हे नवं आहे असंही नाही. वरसईचे भिक्षुक विष्णुभट गोडसे घरचं कर्ज फिटावं म्हणून दानदक्षिणेच्या आशेनं उत्तरेत गेले आणि १८५७ च्या धामधुमीत सापडले. झाशीचा वेढा त्यांनी आतून पाहिला. ना शिपाई, ना सरदार, जीव मुठीत धरून पळणारा एक गरीब ब्राह्मण. त्यानं पुढं म्हातारपणी आठवून लिहिलं आणि ते १९०७ मध्ये छापून आलं. तोफा कोणी कुठं लावल्या हे इतिहासकारांना दुसरीकडंही सापडलं असतं. वेढ्यातल्या गावात पाणी कसं भरायचं, कुठं लपायचं, काय खायचं, हे त्या भिक्षुकानं लिहिलं नसतं तर कुठून कळणार होतं? शंभराहून जास्त वर्षं आपण त्याचं कौतुक करतोय आणि आपल्याच गल्लीतला सुभेदार गप्प बसून मरतोय.

शौर्यकथा नकोत असं मी म्हणत नाही. नामदेव जाधवांना ९ एप्रिल १९४५ च्या इटलीतल्या सेनियो नदीकाठच्या लढाईसाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, ही गोष्ट मी स्वतः पोरांना कितीदा सांगितली आहे. ते कंपनीचे रनर होते, म्हणजे निरोप पोचवणारा शिपाई, आणि त्यांनी जखमींना पाठीवरून, सुरुंग पेरलेल्या जागेतून बाहेर काढलं. मानपत्रात त्या काही तासांचं सगळं येतं. त्याच्या आधीची आणि नंतरची वर्षं मानपत्रात येत नाहीत, यायचं कारणही नाही. ते काम गावाचं.

माझ्या माहेरच्या गल्लीत इटलीत जाऊन आलेले एक आज्जा होते. आम्ही पोरं त्यांना किती जर्मन मारले विचारायचो. ते सांगायचे चेस्टनटचं. त्या डोंगरातली माणसं चेस्टनट वाळवून, दळून त्याची भाकरी करायची, आणि तीही नव्हती म्हणून एक बाई पोराला घेऊन यांच्या लांगरीपाशी, म्हणजे पलटणीच्या स्वयंपाकाच्या जागेपाशी, रोज उभी राहायची. 'तिच्या घरात चूल हुती, भांडी हुती, पीठ न्हवतं,' एवढंच आज्जा सांगायचे आणि विडी पेटवायचे. आम्हाला ती गोष्ट पांचट वाटायची. आज्जा गेले. त्या बाईचं पुढं काय झालं, ते लांगरीपाशी काय बोलत, इटलीहून गावी यायला किती महिने लागले, आल्यावर घरच्यांनी ओळखलं का, कोणी विचारलंच नाही. आणि इकडं त्यांच्या आईनं ती वर्षं कशी काढली? बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात. धान्याची लेव्ही, रॉकेलच्या रांगा, तांबं वाचवायला १९४३ पासून सरकारनं काढलेला भोकाचा पैसा, पोरांच्या करदोट्यात ओवलेला. पंचवीस लाख माणसं त्या युद्धात हिंदी फौजेत होती म्हणतात. म्हणजे पंचवीस लाख घरं.

आता आपल्या भागात युद्ध कधी आलंच नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी लोंढ्यापासून कॅसलरॉकपर्यंतच्या म्हाताऱ्यांकडं जावं. कॅसलरॉक हे तेव्हाच्या पोर्तुगीज गोव्याच्या सरहद्दीचं स्टेशन. तिथं सामान उघडून जकातीची तपासणी व्हायची आणि मग गाडी ब्रागांझा घाट उतरून कुळ्याला जायची. १५ ऑगस्ट १९५५ ला गोव्यात शिरणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या, त्यानंतर भारतानं नाकेबंदी आवळली आणि गाडी कॅसलरॉकच्या पुढं जाईनाशी झाली. आमच्या तालुक्यातल्या किती घरांची सोयरीक त्या अंगाला! भाजी, दूध, मजुरी, देवाची जत्रा, सगळं एका दिवसात परदेश झालं. जांबोटीकडच्या एका आज्जीनं मला सांगितलेलं तिच्याच शब्दांत लिहिते: 'म्हायेर त्या बाजूला, मी ह्या बाजूला. आई गेली ते मला बाराव्यालाबी कळलं न्हाई. कळलं तवा भात कापून झालं हुतं.' ही बाई कुठल्याही सत्याग्रहात नव्हती. तिचं नाव कुठल्याही यादीत नाही, मानधन नाही, ताम्रपट नाही. सहा वर्षं तिच्या आणि तिच्या माहेराच्या मध्ये बंदूक उभी होती, एवढंच.

पुढं डिसेंबर १९६१, गोवा मुक्तीची लढाई. मेजर जनरल कँडेथ यांच्या हाताखालच्या १७ व्या इन्फन्ट्री डिव्हिजनची जमवाजमव बेळगावात झाली. एक ब्रिगेड अनमोडच्या बाजूनं खाली उतरली. १८ तारखेच्या सकाळी सांबऱ्याहून उडालेल्या हंटर विमानांनी बांबोळीचं रेडिओ केंद्र उद्ध्वस्त केलं, आणि दुसऱ्या दिवशी रात्री पोर्तुगीज गव्हर्नरनं शरणागती लिहून दिली. हे सगळं लष्करी इतिहासात आहे. सांबऱ्याच्या मंडळींना माझं खास सांगणं आहे: तुमची धावपट्टी १९४२ सालची, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली. तिच्याखाली कोणाकोणाची शेतं गेली? त्यांना काय मिळालं? आणि १९६१ च्या त्या सकाळी मळणीत, राखणीत असलेल्यांनी काय पाहिलं? ज्यांनी लहानपणी ती विमानं डोक्यावरून जाताना पाहिली ती माणसं आज सत्तरीच्या पुढं आहेत. अजून दहा संमेलनं थांबलात तर कोणाला विचारणार?

१९७१ चं मला स्वतःला आठवतं, पोराच्या डोक्यानं. खिडक्यांना काळा कागद, मास्तरांनी वर्गात फिरवलेला संरक्षण निधीचा डबा, आणि प्रत्येक पत्रावर निर्वासितांसाठी ५ पैशांचं जादा तिकीट. ते तिकीट नसलं की पत्र अडकायचं म्हणून आई चिडायची. माझा मामा पूर्व आघाडीवर होता, आणि आईला राग मात्र त्या ५ पैशांचा. आता कळतं, राग काढायला तिला तेवढंच हाताशी होतं.

माझ्या घरचंही सांगते. दुसऱ्याला बोला म्हणायचं आणि आपण मुग गिळून बसायचं हे बरं दिसत नाही.

१९८७ च्या जुलैअखेर शांतिसेना श्रीलंकेला गेली आणि आमचे हे तिच्यात गेले. शांतिसेना म्हटल्यावर सासूबाई निर्धास्त होत्या. शांतता करायला गेलेत, भांडण कशाला होईल? ऑक्टोबरात जाफन्यात लढाई जुंपली. घरात एक रेडिओ, कपाटावर. सकाळच्या मराठी बातम्यांत 'श्रीलंका' हा शब्द आला की सासूबाई उठून रेडिओ बंद करायच्या. माझ्या कानावर पडू नये म्हणून. मग मी शाळेला जाताना वाटेत मैत्रिणीच्या घरी थांबून बातम्या ऐकायची. पुष्कळ दिवसांनी कळलं, मी गेल्यावर त्याही शेजारच्या कन्नड काकूंकडं जाऊन ऐकायच्या. त्यांना कन्नड बातम्या धड कळायच्या नाहीत, काकू मोडक्या मराठीत सांगायच्या. एकाच घरातल्या दोघी एकमेकींना चोरून तीच बातमी ऐकत होतो.

पत्रं यायची '५६ ए.पी.ओ.' या लष्करी टपालाच्या पत्त्याची. मजकूर ठरलेला. मी इकडे खुशाल आहे, म्हैस व्याली का, पाऊस कसा आहे, बाबांच्या गुडघ्याला तेल लावता का. पत्र यायला इतके दिवस लागायचे की वाचून फक्त एक गोष्ट कळायची: हे लिहिलं त्या दिवशी माणूस जिवंत होता. मी पत्रावरची तारीख आणि बातमीतली तारीख ताडून बघायची. बातमी नंतरची असली की पत्र घडी करून ठेवायचं आणि पुढच्याची वाट बघायची. वर्गात त्या वेळी तिसरीची पोरं होती. त्यांना वजाबाकी शिकवताना हेच डोक्यात चालायचं.

हे परत आले. दोन अंगुळं कमी ऐकू येतं, बाकी धडधाकट. जाफन्याबद्दल इतक्या वर्षांत ते एवढंच बोलले: तिथं घरटी विहीर आहे, पाणी गोड आहे. आणि एकदा, कोणाच्या तरी बारशाला, आपण होऊन सांगितलं की घरांची झडती घेत होते तेव्हा एक म्हातारी काही न बोलता पाण्याचं भांडं पायरीवर ठेवून बाजूला झाली. प्यायचं नाही असा हुकूम होता. कोणी प्यालं नाही. आजही आमच्याकडं आलेला पाहुणा पाण्याचा तांब्या तसाच ठेवून उठला की ते बाहेर निघून जातात. आता त्या म्हातारीच्या बाजूनं ही गोष्ट कशी असेल, हाही विचार मी करते. तिच्या अंगणात बंदुका घेऊन परमुलखातली पोरं उभी होती. तिचं पाणी त्यांनी नाकारलं. तिच्या गावात कोणी तिला विचारून लिहून ठेवलं असेल तर मला ते वाचायला आवडेल.

माझ्या ओळखीतले एक निवृत्त पोस्टमन आहेत, कन्नड घरातले, अर्धं मराठी अर्धं कन्नड बोलतात. युद्धावर बोलायला मी त्यांना स्टेजवर आधी बसवीन, सुभेदारांच्याही आधी. ते म्हणाले, फौजींच्या गल्लीत शिरताना मी लांबूनच ओरडायचो, 'पत्र हाय, पत्र!' कारण खाकी कपडे दिसले की बायकांच्या हातातली भांडी पडायची. तार असली की सायकल वेशीपाशी लावायचे आणि चालत यायचे, आधी गावातल्या एखाद्या जाणत्याला गाठायचे, मग दोघं मिळून त्या घरी. एकदा चाक पंक्चर झालं म्हणून हातात सायकल धरून चालत आले, तर अर्ध्या गल्लीनं हंबरडा फोडला. पिशवीत नुसत्या मनिऑर्डरी होत्या. हे सांगताना ते हसत होते आणि डोळे पुसत होते. जुलै २०१३ मध्ये तारसेवाच बंद झाली, आता ते सगळं सांगणारी माणसं तेवढी उरली. रणांगणावर पाऊल न ठेवलेल्या या माणसाइतकी मरणाची बातमी आमच्या भागात कोणी वाहिली नसेल.

आणि काही गोष्टी स्टेजवर येणारच नाहीत, येऊही नयेत. युद्धात मेलेल्या शिपायाच्या विधवेनं दुसरं लग्न केलं तर तिचं विशेष पेन्शन बंद, पण दिराशी केलं तर चालू, असा नियम कितीतरी वर्षं होता. वीस-बावीस वर्षांची पोर, कडेवर लेकरू, आणि पेन्शन घरात राहावं म्हणून चार वडीलधारी माणसं बसून ठरवतायत. दीर कधी अठराचा, कधी आधीच लग्न झालेला. काही ठिकाणी संसार चांगले झाले, तेही मी पाहिलेत. पण त्या मुलीला कोणी विचारलं होतं का, हा प्रश्न उरतोच. आता ती साठीची, सत्तरीची आहे, आणि सांगेल तर स्वयंपाकघरात, दार लोटून, बाईमाणसालाच. म्हणून माझं म्हणणं असं की तो एक तास हा फक्त दिसणारा भाग असू दे. त्याच्या आधी चार-पाच महिने घरोघरी जाऊन ऐकणं आणि उतरवून घेणं व्हायला हवं. ज्यांना नाव द्यायचं नाही त्यांचं दुसऱ्या कोणी वाचून दाखवावं. ज्यांना काहीच बाहेर नको त्यांचं लिफाफ्यात बंद करून, त्या सांगतील तितकी वर्षं ठेवावं.

ऐकायला कोण जाणार? गणपतीला, दिवाळीला गावी येणारी पोरं-पोरी आहेत, सगळ्यांच्या हातात मोबाईल आहे, तासभर आवाज सहज मावतो. पण त्यांना थोडं शिकवून पाठवा. पहिली गोष्ट, 'तुम्हाला त्या वेळी कसं वाटलं?' हा प्रश्न विचारायचा नाही. टीव्हीवाल्यांनी त्याची पार वाट लावली आहे, आणि त्याला उत्तर एकच येतं: 'अभिमान वाटला.' त्यापेक्षा विचारा, ट्रंक कुठाय? प्रत्येक फौजीच्या घरी माळ्यावर काळी ट्रंक असते, वर पांढऱ्या रंगात नाव, नंबर. ती खाली काढायला लावा. होल्डॉल निघेल, डिस्चार्ज बुक निघेल, मनिऑर्डरीच्या पावत्या निघतील, खाली दोन ओळी लिहिलेल्या. ट्रंक उघडली की माणूस उघडतो. मधूनच गप्प झाला तर गप्प राहू द्या, लगेच पुढचा प्रश्न फेकू नका. साल चुकलं तर तोंडावर दुरुस्त करू नका, बाजूला टिपून ठेवा. घरातला शिकलेला मुलगा मध्येच 'बाबांना म्हणायचंय की...' असं सुरू करतो, त्याला चहा आणायला पाठवा. कुठं कोणती तुकडी होती, कोणतं हत्यार होतं, ते नको. ते सांगायला त्यांना बंदी असते आणि आपल्याला त्याचं कामही नाही. पायात काय होतं, जेवायला काय मिळायचं, पहिल्या रात्री झोप लागली का, घरून आलेल्या पत्रात काय होतं, हे पाहिजे.

भाषा जशी येईल तशी राहू द्या. आपल्या बोलीत कन्नड आहे, खानापूरच्या पश्चिमेला कोकणी आहे, फौजेतली हिंदी आहे. उतरवून घेताना तिला पुण्याचं इस्त्रीचं धोतर नेसवू नका. आणि कन्नड बोलणाऱ्या घरांतही जा. मराठा पलटणीत कानडी मुलखातली पोरंही आहेत, बराक एक, लांगरीतली डाळ एक. त्यांच्या घरच्या बाईनं कन्नडमध्ये सांगितलं तर कन्नडमध्येच ऐकू आणि मागून मराठीत वाचू. मराठी संमेलनाच्या मांडवात हे चालेल का, अशी कुजबुज होईल. माझं मत स्पष्ट आहे: सासूबाईंना त्या दिवसांत बातमी ज्या काकूंनी सांगितली त्यांना मी मांडवाबाहेर बसवणार नाही.

जमलेलं सगळं ठेवायला जागा लागेल. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचं, पुस्तकं सांभाळायची सवय त्यांना पिढ्यान् पिढ्यांची. त्यांना विचारता येईल. शिवाय प्रत्येक गावच्या वाचनालयात एक प्रत, आणि ज्याचं त्याच्या घरी एक. पुस्तक काढायची घाई नको. छापलं की प्रकाशन आलं, प्रकाशन आलं की पाहुणे आले, आणि पाहुण्यांच्या प्रस्तावनेत बाई हरवली.

वेळेचं म्हणाल तर उद्‌घाटकांच्या भाषणातून अर्धा तास सहज निघतो. उरलेला अर्धा कविसंमेलनातून घ्या. कवींनी रागावू नये, त्यांना दुपारचं जेवण झाल्यावरही ऐकणारे असतात, असं ते स्वतःच सांगतात. बोलणारे चारच ठेवा. एक पलटणीतला, एक घरातली, एक कारगिलच्या वेळचं तरुण घर, १९९९ मध्ये ज्यांच्याकडं टीव्ही होता आणि लढाई रोज संध्याकाळी चहाबरोबर दिसायची, आणि एक आमचा पोस्टमन. मध्ये निवेदन नको, शेरोशायरी तर मुळीच नको. कोणी पुढारी 'मला फक्त दोन मिनिटं' म्हणत वर चढला तर त्याला खाली उतरवायची जबाबदारी तुमची.

खानापूर तालुक्यातली घरं मी करते. गुंजी, नंदगड, जांबोटीकडच्या काही बायकांशी बोलणं सुरू झालं आहे. त्यांतल्या दोघी मंडपात येऊन सांगायला तयार आहेत. त्यांच्या अटी आहेत: आधी शाल घालायची नाही, माइक हातात द्यायचा नाही, टेबलावर ठेवायचा, आणि बोलत असताना फोटोला कोणी समोर यायचं नाही. एकीचे गुडघे गेलेत, स्टेजच्या पायऱ्या तिला चढवणार नाहीत, तेव्हा तिची खुर्ची खालीच, लोकांसमोर मांडावी लागेल. विषयपत्रिका छापायला टाकायच्या आधी कळवा, म्हणजे त्यांना यायला-जायला गाडी सांगून ठेवते.

आपली,
खानापूर तालुक्यातली एक निवृत्त शिक्षिका